इंट्यूबेशनसाठी स्नायुशिथिलक लवकर लागू पडावे म्हणून

सोलापुरात भूल देणाऱ्याला 'उपाशी' आणि 'उपवास' या दोन शब्दांतला फरक फार लवकर शिकावा लागतो. "काका, सकाळपासून काही खाल्लंय का?" असे विचारले की "नाही डॉक्टर, आज उपवास आहे," असे उत्तर येते. पुढचा प्रश्न विचारला तरच कळते की दोन तासांपूर्वी ताटभर साबुदाण्याची खिचडी, भगर आणि दाण्याची आमटी पोटात गेलेली आहे. पंढरपूर उशाशी असलेल्या या जिल्ह्यात एकादशी घराघरांत पाळली जाते, त्यामुळे हे संभाषण माझ्या वाट्याला किती वेळा आले याची मोजदाद नाही. असा रुग्ण आतडे अडकल्यामुळे किंवा पुणे महामार्गावरच्या अपघातामुळे टेबलावर आला, की शुद्ध हरपल्यापासून श्वासनलिकेत नळी जाऊन (इंट्यूबेशन) तिच्या टोकाजवळचा फुगा, म्हणजे कफ, फुगेपर्यंतचा काळ हा साऱ्या ऑपरेशनमधला सर्वांत धोक्याचा काळ ठरतो. घशाचे संरक्षण गेलेले असते, पोटातले वर येऊन फुफ्फुसात उतरू शकते, आणि एरवी मास्कने निर्धास्तपणे श्वास देता येतो तोही इथे शक्यतो टाळायचा असतो. म्हणूनच स्नायुशिथिलक, म्हणजे स्नायू ढिले पाडणारे औषध, लवकर लागू पडावे यासाठी सारी धडपड.

हा लेख भूलशास्त्राचे पदव्युत्तर विद्यार्थी, नुकतेच स्वतंत्रपणे काम करू लागलेले भूलतज्ज्ञ आणि बार्शी, अक्कलकोट, सांगोल्यासारख्या ठिकाणी जेमतेम औषधांच्या कपाटावर केस निभावणारे सहकारी यांच्यासाठी आहे. मात्रा प्रौढ रुग्णाच्या, दर किलो वजनामागे दिलेल्या आहेत. हातातल्या बाटलीवर दर मिलिलिटरमागे किती मिलिग्रॅम आहेत ते स्वतः वाचल्याशिवाय कोणताही आकडा सिरिंजमध्ये भरू नये.

औषधाचा प्रवास

शिरेत टोचलेले औषध लागू पडायला वेळ का लागतो हे समजले, की तो वेळ कुठे वाचवता येईल हे आपोआप दिसू लागते. औषध आधी सलाईनच्या नळीतून शिरेत, शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूला, तिथून फुफ्फुसे, मग डावे हृदय आणि धमनी असा फेरा करून स्नायूच्या केशवाहिन्यांत पोहोचते. नंतर ते चेता आणि स्नायू यांच्या सांध्यात झिरपते आणि तिथल्या असिटिलकोलीनच्या (स्नायूला आकुंचनाचा संदेश देणाऱ्या रसायनाच्या) ग्राहकांवर बसते. रॉक्युरोनियम, व्हेक्युरोनियम यांसारख्या नॉनडिपोलरायझिंग (ग्राहकांना न चेतवता नुसते अडवून धरणाऱ्या) औषधांच्या बाबतीत सुमारे ७० ते ७५ टक्के ग्राहक व्यापले जाईपर्यंत स्नायूच्या ताकदीत काहीच फरक दिसत नाही, आणि ९० ते ९५ टक्के व्यापले गेले की स्नायू पूर्ण ढिला पडतो. निसर्गाने ठेवलेली ही राखीव शिल्लक जितक्या झटकन संपेल तितके औषध लवकर लागू पडले असे आपण म्हणतो.

इथे एक गोष्ट पहिल्यांदा ऐकताना उलटी वाटते. औषध जितके प्रभावी, तितके ते सावकाश लागू पडते. रॉक्युरोनियमची ९५ टक्के परिणाम देणारी मात्रा किलोमागे ०.३ मि.ग्रॅ. आहे, तर व्हेक्युरोनियमची ०.०५ मि.ग्रॅ. म्हणजे तोच परिणाम साधायला रॉक्युरोनियम सहापट द्यावे लागते. साहजिकच रक्तात एकाच वेळी कितीतरी जास्त रेणू उतरतात, रक्त आणि स्नायुसांधा यांच्यातल्या औषधाच्या प्रमाणातली तफावत मोठी होते आणि ग्राहक भराभर भरले जातात. सिसअ‍ॅट्राक्युरियम हे आणखी एक शिथिलक अतिशय प्रभावी आहे, म्हणून नळी टाकण्याच्या कामी ते रेंगाळते. १९९० च्या दशकात रॉक्युरोनियम आले तेव्हा त्याच्या या 'अशक्तपणा'चाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

दुसरी गोष्ट रक्तपुरवठ्याची आहे. स्वरयंत्र आणि श्वासपटल यांना रक्त भरपूर मिळते, म्हणून तिथे औषध अंगठ्याच्या स्नायूपेक्षा आधी पोहोचते. पण स्वरयंत्राचे स्नायू चिवट असतात, त्यांना पूर्ण ढिले पाडायला मात्रा जास्त लागते. कमी मात्रेवर अंगठा पूर्ण ढिला पडला तरी स्वरतंतू हलत राहतात आणि रुग्ण नळीवर खोकतो, याचे कारण हेच आहे.

शीर, सलाईन आणि प्राणवायू

फुकटात मिळणारा वेळ आधी घ्यावा आणि मात्रेचा विचार नंतर करावा, असे माझे ठाम मत आहे. मनगटाजवळच्या बारीक शिरेत निळे, २२ नंबरचे इंट्राकॅथ (शिरेत राहणारी प्लास्टिकची बारीक नळी), त्याला लांबलचक एक्स्टेन्शन, त्याच्या टोकाला थ्री-वे (तीन तोंडांची तोटी) आणि थेंब थेंब चालणारे सलाईन अशा मांडणीत दिलेले औषध शिरेत पोहोचायच्या आधीच कित्येक सेकंद नळीत पडून राहते. आपण घड्याळाकडे पाहून साठ सेकंद मोजतो, पण त्यातली दहा-पंधरा सेकंदे औषध अजून रुग्णाच्या शरीरातच नसते. म्हणून कोपराच्या आसपासच्या मोठ्या शिरेत हिरवे, १८ नंबरचे इंट्राकॅथ टाकावे, औषध इंट्राकॅथच्या अगदी जवळच्या तोंडातून द्यावे, सलाईन पूर्ण उघडे ठेवावे आणि औषधामागोमाग लगेच २० मि.लि. सलाईन जोराने ढकलून तो हात काही सेकंद वर उचलून धरावा. रक्तदाबाची पट्टी त्याच हाताला बांधली असेल तर ती ऐनवेळी फुगते आणि औषध पट्टीच्या खालीच अडून बसते. पट्टी नेहमी दुसऱ्या हाताला बांधावी.

यानंतर रक्ताभिसरण. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर असतो, दोन दिवस उलट्या झालेला शेतमजूर डोळे खोल गेलेल्या अवस्थेत येतो, नाडी १३० आणि हातपाय गार. अशा रुग्णाचे हृदय दर मिनिटाला कमी रक्त ढकलते, आणि निरोगी तरुणात मिनिटात लागू पडणारे औषध त्याच्यात दीड-दोन मिनिटे घेते. वृद्धांत आणि हृदय कमजोर असणाऱ्यांतही हेच घडते. लहान मुलांत मात्र हृदयाचा वेग जास्त असल्याने औषध झटकन लागू पडते. वेळ असेल तर आधी सलाईन भरून रक्ताभिसरण सावरावे. त्यातून औषधही लवकर पोहोचते आणि भूल दिल्यावर रक्तदाब कोसळण्याचा धोकाही कमी होतो.

प्राणवायू आधी भरून ठेवल्याने औषध लवकर लागू पडत नाही, पण वाट पाहण्याची ऐपत मिळते, आणि ती नसेल तर पुढचे सगळे व्यर्थ आहे. डोक्याकडची बाजू २० ते २५ अंश वर करावी, मास्क चेहऱ्याला घट्ट बसवावा, मिनिटाला १० लिटर शुद्ध प्राणवायूवर ३ मिनिटे नेहमीसारखा श्वास घेऊ द्यावा. तेवढा वेळ नसेल तर एका मिनिटात ८ खोल श्वास घ्यायला सांगावे. उच्छ्वासातला प्राणवायू मोजणारे यंत्र असेल तर तो ९० टक्क्यांवर जाईपर्यंत थांबावे. सोलापुरात ही सूचना निम्म्या वेळा कन्नड किंवा तेलुगूत द्यावी लागते, म्हणून त्या भाषांतली ही दोन-तीन वाक्ये पाठ करून ठेवणे हा मी तयारीचाच भाग मानतो, कारण न समजलेल्या माणसाला मास्क गुदमरवणारा वाटतो आणि तो तोंड फिरवतो. नाकात वेगळी नळी ठेवून मिनिटाला १५ लिटरपर्यंत प्राणवायू चालू ठेवल्यास श्वास थांबल्यावरही ऑक्सिजनची पातळी काही काळ जास्त टिकते.

औषध कोणते आणि किती

सक्सिनिलकोलीन, म्हणजे ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) ज्याला सगळे 'स्कोलीन' म्हणतात ते, १९५१ पासून वापरात आहे आणि वेगाच्या बाबतीत अजूनही मापदंड तेच आहे. किलोमागे १ ते १.५ मि.ग्रॅ. दिल्यास ते ४५ ते ६० सेकंदांत लागू पडते आणि ५ ते १० मिनिटांत उतरू लागते. घाईच्या केसमध्ये १ पेक्षा १.५ कडे झुकावे. स्कोलीन लागू पडताना स्नायूंना येणारी थरथर टाळण्यासाठी आधी व्हेक्युरोनियमची चिमूटभर मात्रा देण्याची जुनी सवय अनेकांना आहे, पण त्याने स्कोलीनचा जोर कमी होतो आणि त्याची मात्रा वाढवावी लागते. ज्या केसमध्ये वेगच हवा आहे तिथे ही सवय बाजूला ठेवावी.

स्कोलीन कुणाला देऊ नये हे प्रत्येकाने पाठ केलेले असते, तरी आपल्या भागातले दोन प्रसंग वेगळे सांगतो. पहिला, भाजलेला रुग्ण. भाजल्यावर पहिल्या २४ तासांनंतर स्कोलीनने पोटॅशियम एकदम वाढून हृदय थांबू शकते. अशा वेळी रॉक्युरोनियमकडे वळावे, पण भाजलेल्यांत त्याला प्रतिकार निर्माण झालेला असतो, म्हणून किलोमागे १.२ मि.ग्रॅ.हून कमी देऊ नये आणि वेळही थोडा जास्त धरावा. दुसरा, कीटकनाशक प्यायलेला रुग्ण. ऑर्गॅनोफॉस्फरसने स्कोलीन मोडणारे एन्झाइमच बंद पडलेले असते, त्यामुळे ५ ते १० मिनिटांचे औषध तासन्‌तास टिकते. इथेही रॉक्युरोनियम मोठ्या मात्रेत द्यावे. लकवा, मणक्याची जुनी इजा, स्नायूंचे आनुवंशिक आजार, वाढलेले पोटॅशियम आणि कुटुंबात मॅलिग्नंट हायपरथर्मियाचा (भुलेच्या काही औषधांनी जीवघेणा ताप चढण्याचा) इतिहास या बाकीच्या अडचणी आहेत.

रॉक्युरोनियम किलोमागे ०.६ मि.ग्रॅ. दिल्यास ६० ते ९० सेकंदांत काम भागते. मात्र भरल्या पोटाच्या रुग्णात मी ०.६ वर विसंबत नाही. १ ते १.२ मि.ग्रॅ. दिल्यास साधारण ६० सेकंदांत स्कोलीनच्या जवळपास जाणारी स्थिती मिळते. ६० किलोच्या रुग्णाचा हिशेब मांडून पाहा. १.२ च्या दराने ७२ मि.ग्रॅ. होतात. नेहमीच्या बाटलीत ५ मि.लि.मध्ये ५० मि.ग्रॅ. असतात, म्हणजे ७.२ मि.लि. भरायचे आणि त्यासाठी दुसरी बाटली फोडावी लागणार. लहान रुग्णालयांत इथेच चूक होते. एकच बाटली काढलेली असते, 'एवढे पुरेल' म्हणून ५० वर भागवले जाते आणि मग साठ सेकंदांनी जबडा उघडला तरी स्वरतंतू हलत असतात. वेग मात्रेतून येतो, आणि मात्रेत केलेली काटकसर नेमकी त्या मिनिटाला बाहेर पडते. या मात्रेची किंमत अशी की परिणाम तासभर किंवा त्याहून जास्त टिकतो.

व्हेक्युरोनियम अजून कित्येक ओटींचा आधार आहे. ०.१ मि.ग्रॅ. दराने त्याला अडीच ते तीन मिनिटे लागतात. मात्रा तिप्पट, म्हणजे ०.३ मि.ग्रॅ. केली तर ते मिनिट-दीड मिनिटावर येते, पण परिणाम दीड तासाच्या पुढे जातो. लांबणारे ऑपरेशन आणि नंतर व्हेंटिलेटरची सोय असेल तरच हा मार्ग धरावा. अ‍ॅट्राक्युरियमची मात्रा मात्र वेगासाठी वाढवू नये. ०.५ मि.ग्रॅ.च्या वर हिस्टामिन सुटून रक्तदाब पडतो आणि श्वासनलिका आवळतात. ते टाळायला सावकाश टोचावे तर वेगाचा हेतूच संपतो.

वजन कोणते धरायचे, हाही प्रश्न आहे. स्कोलीनसाठी रुग्णाचे प्रत्यक्ष वजन धरावे, रॉक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमसाठी उंचीनुसार आदर्श वजन. १५२ सें.मी. उंचीच्या आणि ९५ किलोच्या बाईंचे आदर्श वजन ४७ किलोच्या आसपास येते. १.२ च्या दराने ५६ मि.ग्रॅ. रॉक्युरोनियम त्यांना पुरते. प्रत्यक्ष वजनावर गेलो तर ११४ मि.ग्रॅ. होतील आणि परिणाम फार लांबेल.

शीतपेटीची गोष्ट

स्कोलीन आणि रॉक्युरोनियम दोन्ही २ ते ८ अंशांत ठेवायची औषधे आहेत. काही वर्षांपूर्वी जिल्ह्यातल्या एका लहान रुग्णालयात ऐन मे महिन्यात आतडे अडकलेल्या एका रुग्णाला मी भूल दिली. ट्रेमध्ये स्कोलीनची बाटली तयार होती. थायोपेंटोन या भुलेच्या औषधानंतर मी ती दिली आणि थरथर येण्याची वाट पाहत राहिले. साठ सेकंद झाले, पापणीसुद्धा थरथरली नाही, जबडा तसाच घट्ट. ऑक्सिजनची पातळी ९४ वरून घसरू लागली. क्रिकॉइडवरचा दाब (पोटातले वर येऊ नये म्हणून स्वरयंत्राखालच्या कूर्चेवर बाहेरून दिलेला) कायम ठेवून हलक्या हाताने मास्कने श्वास दिले, ०.३ दराने व्हेक्युरोनियम दिले आणि दीड मिनिटाने नळी गेली. रुग्ण सुखरूप राहिला, पण ऑपरेशन संपल्यावर बराच वेळ व्हेंटिलेटरवर ठेवावा लागला. नंतर विचारले तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, दोन दिवस रात्रीची लाईट नव्हती, आणि बाटली तर कधीपासून ट्रेमध्येच असते." तेव्हापासून केसच्या आधी मी बाटली हातात घेऊन पाहते. ती गार लागते का, मुदत कधीची आहे, फोडल्याची तारीख लिहिलेली आहे का. शीतपेटीबाहेर काढलेल्या बाटलीवर काढल्याची तारीख पेनाने लिहिण्याची सवय सगळ्या सिस्टरना लावावी. ज्या औषधाचा जोर आधीच ओसरला आहे त्याला कोणतीही युक्ती वेग देऊ शकत नाही.

प्रायमिंग

प्रायमिंगची कल्पना १९८० च्या दशकात रुजली. ग्राहकांची राखीव शिल्लक आधीच थोडी खाऊन ठेवायची, म्हणजे मुख्य मात्रा पडताच उरलेले ग्राहक लवकर भरतात. त्यासाठी नळी टाकण्याच्या मात्रेचा दहावा भाग, व्हेक्युरोनियमच्या बाबतीत किलोमागे ०.०१ मि.ग्रॅ., मुख्य मात्रेच्या ३ ते ४ मिनिटे आधी देतात आणि मग उरलेले औषध. कागदावर हे सुरेख दिसते आणि व्हेक्युरोनियमचा वेळ याने खरोखर कमी होतो.

तरीही भरल्या पोटाच्या रुग्णात मी हे करत नाही आणि विद्यार्थ्यांना करू देत नाही. चिमूटभर मात्राही काहींना पुरेशी ठरते. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, त्याला दोन-दोन दिसू लागते, पापण्या जड होतात, गिळता येत नाही, क्वचित श्वास उथळ होतो. म्हणजे ज्या घशाचे रक्षण करण्यासाठी ही सगळी घाई, त्याच घशाचे रक्षण आपण भूल देण्याच्या आधीच काढून घेतो. वृद्ध, अशक्त, मायस्थेनियाचे (स्नायू दुबळे करणाऱ्या आजाराचे) आणि मॅग्नेशियम चालू असलेले रुग्ण यांत हा धोका आणखी वाढतो. रॉक्युरोनियम उपलब्ध असेल तर प्रायमिंगमधून मिळणारे सारे मोठ्या एका मात्रेतूनच मिळते. पोट रिकामे आहे, रॉक्युरोनियम नाही आणि तरी व्हेक्युरोनियमचा वेळ कमी करायचा आहे, एवढ्याच परिस्थितीत प्रायमिंगचा विचार करावा. तेव्हाही रुग्णाला आधी सांगावे की डोळे जड वाटतील आणि मी इथेच उभी आहे. मास्क चेहऱ्यावर असावा, पल्स ऑक्सिमीटरवर नजर असावी आणि भूल देण्याचे औषध हातात तयार असावे.

टायमिंग या नावाने ओळखली जाणारी दुसरी पद्धत याहून धीट आहे. त्यात शिथिलकाची संपूर्ण मात्रा आधी देतात आणि पापणी जड होताच भूल देतात. शीर फुटली, सलाईन अडकले किंवा दुसरे औषध द्यायला पाच-दहा सेकंद उशीर झाला तर माणूस जागेपणी लुळा पडतो. ती भीती आयुष्यभर राहते. हे मी कुणालाही सुचवणार नाही.

रक्ताभिसरणाला धक्का देणारी औषधे

रक्तदाब वाढवणारे एफेड्रीन किलोमागे ७० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या रुग्णात सुमारे ४ मि.ग्रॅ., प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाच्या साधारण अर्धा मिनिट आधी दिल्यास हृदयातून बाहेर पडणारे रक्त टिकून राहते आणि रॉक्युरोनियम लवकर लागू पडते. प्रोपोफॉलमुळे पडणारा रक्तदाबही त्यातून सावरला जातो. उच्च रक्तदाब, हृदयविकार किंवा आधीच वेगवान नाडी असेल तर ते देऊ नये. याच्या उलट, नळीच्या वेळी नाडी वाढू नये म्हणून आधीच एस्मोलॉल हे नाडी मंदावणारे औषध दिले तर रॉक्युरोनियम लागू पडायला उशीर होतो. तेव्हा दोन्ही हेतू एकाच वेळी साधायला जाऊ नये.

मॅग्नेशियम सल्फेट किलोमागे ५० ते ६० मि.ग्रॅ. १० ते १५ मिनिटांत सलाईनमधून आधी दिल्यास चेतातंतूच्या टोकातून असिटिलकोलीन कमी सुटते आणि रॉक्युरोनियम लवकर लागू पडते. पण त्याला पंधरा मिनिटे हवीत, त्यामुळे तातडीच्या केसमध्ये ते उपयोगाचे नाही, आणि परिणाम लांबतो तो वेगळाच. आपल्याकडे याचे महत्त्व दुसऱ्याच बाजूने आहे. झटके आलेल्या गरोदर बाईला प्रसूतिकक्षातच मॅग्नेशियम सुरू झालेले असते. तिला सिझेरियनसाठी भूल देताना स्कोलीननंतर थरथर दिसेलच असे नाही. थरथर आली नाही म्हणून औषध लागू पडले नाही असा समज करून दुसरी मात्रा देऊ नये. तिथे फक्त घड्याळ पाहावे. पुढे व्हेक्युरोनियम किंवा अ‍ॅट्राक्युरियमच्या मात्राही कमी कराव्यात.

क्रम आणि साठ सेकंद

आता प्रत्यक्ष क्रम. सक्शन चालू करून उशीखाली ठेवलेले, लॅरिंगोस्कोपचा (स्वरयंत्र पाहायच्या पात्याचा) दिवा तपासलेला, बूजी (नळीला वाट दाखवणारी लवचीक कांडी) आणि एक नंबर लहान नळी शेजारी, मदतनिसाला क्रिकॉइडची जागा आधीच दाखवलेली. रुग्ण शुद्धीत असताना दाब हलका, सुमारे १० न्यूटन, आणि शुद्ध जाताच ३० न्यूटन. या दाबामुळे स्वरयंत्र दिसत नसेल तर तो सैल करायला सांगण्यात कमीपणा मानू नये.

भूल देण्याचे औषधही वेगात वाटा उचलते. रक्तदाब डळमळीत असेल तर केटामिन किंवा इटोमिडेट घ्यावे, कारण रक्ताभिसरण टिकले तर शिथिलक लवकर पोहोचते. रक्तदाब चांगला असेल तर पुरेशा मात्रेतले प्रोपोफॉल आणि त्याआधी फेंटानिल यांनी घसा इतका शांत होतो की शिथिलक अजून पूर्ण लागू पडले नसले तरी नळी सहज जाते. थायोपेंटोन वापरत असाल तर ते दिल्यावर आणि शिथिलक देण्याच्या आधी सलाईन ढकलून नळी धुऊन घ्यावी. थायोपेंटोन आणि रॉक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम एकत्र आले की पांढरा साका धरतो आणि ऐनवेळी एकुलती एक शीर बंद पडते. मी हे एकदा पारदर्शक एक्स्टेन्शनमध्ये डोळ्यांनी पाहिले आहे. दुधासारखे तंतू नळीच्या वळणावर जमले आणि पुढचे सलाईन जागीच थांबले.

भूल, मग लगेच शिथिलक, मग २० मि.लि. सलाईन, आणि सलाईन संपले त्या क्षणी मदतनिसाने मोठ्याने वेळ सांगायची. पिस्टन दाबायला सुरुवात केली तेव्हापासून मोजू नये. स्कोलीनमध्ये थरथर पापण्यांपासून सुरू होऊन पायाच्या बोटांपर्यंत जाते आणि ती थांबली की जबडा सुटतो. रॉक्युरोनियममध्ये डोळ्याला दिसणारी खूण नसते, तिथे घड्याळच खूण. नव्या विद्यार्थ्यांचा हात पस्तीस-चाळीस सेकंदांतच लॅरिंगोस्कोपकडे जातो. अर्धवट ढिल्या घशात पाते घातले की रुग्ण खोकतो, पोट आवळते आणि जे टाळायचे तेच वर येते. उरलेली वीस सेकंदे थांबणे हा या कामातला सर्वांत अवघड भाग आहे. मी त्या वेळात विद्यार्थ्याला मोठ्याने सेकंद मोजायला लावते. तोंड गुंतले की हात थांबतो.

ट्रेन ऑफ फोर यंत्र (चेतातंतूला विजेचे चार हलके झटके देऊन स्नायूचा प्रतिसाद पाहणारे) असेल तर इलेक्ट्रोड भुवईजवळ चेहऱ्याच्या चेतातंतूवर लावावेत आणि भुवई आक्रसणाऱ्या स्नायूचा प्रतिसाद पाहावा. तो स्वरयंत्राशी बराच जुळता असतो. अंगठ्यावरचा प्रतिसाद थांबेपर्यंत वाट पाहिली तर विनाकारण उशीर होतो, कारण स्वरयंत्र त्याआधीच ढिले पडलेले असते.

नळी गेली नाही तर

मोठी मात्रा देण्याआधी हे ठरलेले असावे. स्कोलीन लवकर उतरते हे खरे, पण ऑक्सिजनची पातळी त्याआधीच कोसळू शकते, म्हणून 'उतरेल आपोआप' ही योजना होऊ शकत नाही. दुसरे पाते, बूजी, व्हिडिओ लॅरिंगोस्कोप, मग सुप्राग्लॉटिक (स्वरयंत्राच्या वर बसणारे) साधन आणि शेवटी गळ्यावर छेद, हा क्रम मदतनिसाला तोंडी सांगून ठेवावा. रॉक्युरोनियम १.२ दराने दिल्यावर तत्काळ उलटवायचे असेल तर सुगामाडेक्स हे उतारा औषध किलोमागे १६ मि.ग्रॅ. लागते. ६० किलोला ९६० मि.ग्रॅ., म्हणजे २०० मि.ग्रॅ.च्या पाच बाटल्या. कपाटात एकच बाटली असेल तर तत्काळ उलटवण्याची सोय आपल्याकडे नाही, असेच धरून चालावे आणि औषध निवडताना तो हिशेब आधी करावा. निओस्टिग्मिन हा जुना उतारा इतक्या खोल परिणामावर काम करत नाही. त्याची पाळी ऑपरेशनच्या शेवटी, प्रतिसाद बराचसा परतल्यावर येते.

ऑपरेशन संपल्यावर ट्रेन ऑफ फोरचे प्रमाण (चौथा प्रतिसाद पहिल्याच्या तुलनेत किती) ०.९ झाल्याशिवाय नळी काढू नये. यंत्र नसेल तर रुग्णाने पाच सेकंद डोके उचलले यावर पूर्ण विसंबू नये. मोठ्या मात्रेनंतर थोडा जास्त वेळ नळी आत ठेवलेली बरी. सुगामाडेक्स दिले असेल तर केसपेपरवर त्याची मात्रा आणि वेळ ठळक लिहावी. १६ मि.ग्रॅ. दराने दिलेल्या रुग्णाला पुढच्या २४ तासांत पुन्हा ओटीत घ्यावे लागले, तर रॉक्युरोनियम किंवा व्हेक्युरोनियम अपेक्षेप्रमाणे लागू पडणार नाही. त्या वेळी येणाऱ्या भूलतज्ज्ञाला अ‍ॅट्राक्युरियमसारखे वेगळ्या गटातले औषध किंवा स्कोलीन निवडावे लागेल. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईंना मात्र सुगामाडेक्सनंतर पुढचे सात दिवस दुसरे साधनही वापरायला सांगावे, आणि ते नातेवाइकांच्या घोळक्यात न सांगता एकट्या त्यांना सांगावे.